आधी कोणाचे गुडघे

आर. के. पुरमच्या मुलींच्या सरकारी शाळेत सुहासिनी पळसुले हे नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी त्या पीटी मॅडम. सांगलीच्या मैदानावर खो-खो खेळून तयार झालेली ही मुलगी लग्न होऊन दिल्लीला आली, तेव्हा सासरच्यांना वाटलं की आता हिचं धावणं-पळणं थांबलं. पण शाळेला खेळ शिकवणारी बाई हवी होती, आणि सुहासिनीबाई गळ्यात शिट्टी अडकवून जवळजवळ तीस वर्षं त्या मैदानावर उभ्या राहिल्या. मे महिन्याची लू असो की जानेवारीचं धुकं, मुलींबरोबर त्या उकिडव्या बसायच्या, उठायच्या, पळायच्या. एखादी पडली, गुडघा फुटला, रडायला लागली, की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "मिट्टी लगा और उठ."

स्वतःच्या गुडघ्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दुखणं सुरू झालं तेव्हा सलवारीच्या आत पट्टी बांधून त्या मैदानावर जात राहिल्या. घरात कोणाला कळलं नाही. कळावं असं त्यांना वाटलंही नाही.

त्यांचे यजमान विश्वनाथराव कृषी भवनात होते. टिपणं लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता असं त्यांचे साहेब म्हणत, आणि विश्वनाथराव ते घरी येऊन सांगत. स्वभाव गोड, बोलणं मुद्देसूद, कपडे कडक इस्त्रीचे. पाण्याचा पेला मात्र जागेवर लागायचा. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि पळसुले कुटुंब गुडगावला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं. दुसरा मजला. तेव्हा आजूबाजूला अजून मोहरीची शेतं होती आणि शेतांच्या पलीकडे काचेच्या इमारती वर चढत होत्या. मुलगा अंशुमन मानेसरच्या कारखान्यात इंजिनिअर. कंपनीची बस त्याला कोपऱ्यावरून उचलायची. "आई, बघशील तू, पाच वर्षांत इथे सगळं येणार आहे," तो म्हणायचा. आलंही. मॉल आले, सिनेमाघरं आली, परदेशी कंपन्या आल्या. त्यांच्या इमारतीची लिफ्ट तेवढी सोसायटीच्या भांडणात अडकून राहिली. तिच्यासाठी ठेवलेल्या पोकळीत लोकांनी जुन्या सायकली आणि कुंड्या रचल्या.

त्या जिन्यानं बाईंच्या गुडघ्यांचं होतं नव्हतं तेवढं बळ खाल्लं. चढताना त्या कठड्याला धरून स्वतःला वर ओढायच्या. उतरताना तोंड भिंतीकडे करून, लहान मूल पलंगावरून उतरतं तसं, उलट्या उतरायच्या. विश्वनाथरावांचेही गुडघे कुरकुरत होते. फरक एवढाच की त्यांचे गुडघे कुरकुरले की साऱ्या घराला ऐकू यायचं.

अखेर अंशुमननंच वेळ घेतली, आईसाठी. दिल्ली-गुडगावच्या वेशीवर नवं खासगी हॉस्पिटल उघडलं होतं. दारात सलाम करणारा दरवान, आत कारंजं, कारंज्याशेजारी कॉफीचं दुकान. औषधाचा वास कुठेच नाही. डॉक्टर सचदेव तरुण होते, हसतमुख होते. बाईंचे एक्स-रे त्यांनी उजळलेल्या काचेवर लावले आणि जवळ वाकून पाहिले.

"आंटीजी, आप चलती कैसे हैं?" त्यांनी विचारलं.

"जैसे सब चलते हैं," बाई म्हणाल्या.

"हड्डी पे हड्डी घिस रही है. दोनों तरफ."

सोबत आलेल्या विश्वनाथरावांनी आपल्याही गुडघ्यांची तक्रार सांगितली. डॉक्टरांनी लगे हात त्यांचेही एक्स-रे काढायला लावले. ते पाहून म्हणाले, "अंकलजी, आपको भी कराना पड़ेगा. पर आपका साल-दो साल चल जाएगा. आंटीजी का पहले. पैर टेढ़ा होता जा रहा है," ते हसले, "ज़्यादा देर मत कीजिए."

होळीनंतरची तारीख मिळाली. बाईंनी आपल्यासाठी पुढून बटणांचे दोन सैल गाऊन शिवले. मुनिरक्याला राहणाऱ्या गिरिजाला फोन केला. गिरिजा केळकर त्यांच्याच शाळेत संस्कृत शिकवायची, अविवाहित, तोंडानं फटकळ, आणि दिल्लीत बाईंना अगं-तुगं करणारी एकुलती एक मैत्रीण. "अखेर सुचलं का!" गिरिजा म्हणाली. "मी येते राहायला. हो म्हण."

त्या आठवड्यात विश्वनाथराव अबोल झाले. जेवताना पोळी अर्धी टाकू लागले. रविवारी अंशुमन घरी असताना त्यांनी विषय काढला.

"मला जरा नीट विचार करावासा वाटतो," ते म्हणाले. "हिचं ऑपरेशन झालं की ही दोन-तीन महिने अंथरुणात. मला स्वयंपाक येत नाही. बाजार मला जमत नाही, जिना मलाही जड जातो. एक लंगडा दुसरीला काय उचलणार? त्यापेक्षा आधी माझं उरकून घेऊ. मी खडखडीत उभा राहिलो की लगेच हिचं. मग हिचं सगळं मी स्वतः करीन. शब्द देतो."

"गिरिजा येते म्हणालीय," बाई म्हणाल्या.

"परक्या बाईला किती दिवस त्रास द्यायचा?"

अंशुमननं वडिलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. त्याला सोमवारी सकाळी बस पकडायची होती. "बाबांच्या बोलण्यात लॉजिक आहे गं आई," तो म्हणाला. "आणि तू स्ट्राँग आहेस. बाबांना नाही सहन होत."

बाई "बरं" म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखंही वाटलं. गुडघा फाडून आत लोखंड घालणार, या विचारानं त्यांची झोप उडालीच होती. पुढे कित्येकदा त्यांना त्या "बरं"चा राग आला, आणि त्या रागात नवऱ्याइतक्याच त्या स्वतःही असत.

त्याच तारखेला विश्वनाथरावांचे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले. घरी आणल्यावर जे काही करायचं ते बाईंनी केलं. बेडपॅन त्यांनी दिलं, बर्फाच्या पिशव्या त्यांनी भरल्या, पथ्याचं त्यांनी रांधलं, खाली औषधाच्या दुकानात त्याच गेल्या आणि कठड्याला लोंबकळत वर आल्या. फिजिओथेरपिस्ट येऊन व्यायाम दाखवून जायचा. तो गेला की विश्वनाथराव पाय हलवायला तयार नसत. दुखलं की रडत. मग बाईंचा मैदानावरचा आवाज बाहेर यायचा.

"पाय सरळ. आणखी. आणखी. थांबायचं नाही."

"तुला दयामाया नाही गं."

"नाही. उचला."

पावसाळा सरेपर्यंत विश्वनाथराव काठीशिवाय चालू लागले. दिवाळीत ते सेक्टरच्या बागेत सकाळच्या फेऱ्या मारणाऱ्या मंडळींत सामील झाले. निवृत्त कर्नल, निवृत्त बँक मॅनेजर, कपड्याचे व्यापारी अशी ती मंडळी. पळसुलेसाब त्यांच्यात लाडके झाले. कोणी गुडघ्यांचं विचारलं की ते पँट वर करून टाक्यांची रेघ दाखवत आणि म्हणत, "सब विल पावर का खेल है, जी." एकदा बाई चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या तेव्हा हे वाक्य त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी कप ठेवले आणि भिंतीला हात लावत आत गेल्या.

मग बाईंच्या ऑपरेशनची गोष्ट निघायची आणि पुढे जायची. थंडीत हाडं दुखतात, उन्हाळ्यात जखम चिघळते, असं विश्वनाथराव म्हणाले. मग अंशुमनचं लग्न ठरलं. रुचिता सून होऊन आली, नोएडातल्या एका कंपनीत होती, सकाळी निघायची आणि अंधार पडल्यावर यायची. पोर चांगली होती. "आई, तुम्ही आराम करा ना," असं ती रोज म्हणायची, पण आराम करायचा तर कणीक कोणी मळायची, हे सांगायला ती घरात नसायची. पुढे दोघांनी नोएडाला घर घेतलं आणि फ्लॅटमध्ये हे दोघेच उरले.

बाईंचे पाय धनुष्यासारखे वाकले. करोल बागेतल्या मराठी मंडळींच्या गणपतीला त्या दरवर्षी जायच्या, ते बंद झालं. लोक विचारत, "वहिनी कुठे?" विश्वनाथराव सांगत, "तिला गर्दी आवडत नाही हल्ली." बागेतली मंडळी वैष्णोदेवीला निघाली तेव्हा तेही गेले आणि सबंध डोंगर पायी चढून आले. प्रसाद, अक्रोड आणि गळ्यात माळ घातलेला स्वतःचा फोटो घेऊन आले. त्या दिवशी बाईंनी सरळच विचारलं.

"अहो, माझं कधी करायचं?"

"करू की. घाई काय आहे?"

"डॉक्टर म्हणाले होते, उशीर करू नका."

विश्वनाथरावांनी अक्रोड फोडता फोडता वर पाहिलं. चेहऱ्यावर कपट नव्हतं, आणि तेच बाईंना पुढे सलत राहिलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. "अगं, पण तुझं चाललंय ना?" ते म्हणाले.

चाललं होतं. कारण स्वयंपाक वेळेवर होत होता.

एका सकाळी विश्वनाथराव बागेत गेलेले असताना बाई न्हाणीघरात स्टुलावर बसून आंघोळ करत होत्या. उठायला गेल्या आणि डावा गुडघा आतल्या बाजूला घडी पडल्यासारखा वळला. पडल्या नाहीत, पण पुन्हा स्टुलावर आदळल्या, आणि तिथून उठता येईना. नळाला धरून पाहिलं, बादली उपडी करून तिच्यावर जोर देऊन पाहिलं. अंग वाळलं, थंडी भरली. टॉवेल दाराच्या खुंटीवर होता, हाताच्या पलीकडे. किल्लीनं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी हाक मारली. विश्वनाथराव एकटे नव्हते, कर्नलसाहेब चहाला आले होते.

"दोन मिनिटं, सुहास," बाहेरून आवाज आला. "गेस्ट आहेत. जरा आटप, चहा टाकायचाय."

"मला उठता येत नाही."

विश्वनाथराव दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "मोठ्यानं बोलू नकोस. त्यांना वाटेल काय?" कर्नलसाहेबांना काही तरी सांगून वाटेला लावलं आणि मग दार ढकलून आत आले. बाईंनी त्यांचा हात धरला, उठल्या, अंगाला टॉवेल गुंडाळला आणि खोलीत गेल्या. त्या दिवशी त्यांनी चहा टाकला नाही. गिरिजाला फोन केला.

गिरिजा टॅक्सी घेऊन आली. दोघी दोन मजले कशाबशा उतरल्या, हॉस्पिटलात गेल्या आणि तारीख घेऊन परतल्या. जेवताना बाईंनी सांगितलं, "पुढच्या मंगळवारी माझं ऑपरेशन आहे."

"मंगळवारी?" विश्वनाथरावांचा घास हातात राहिला. "पण त्या आठवड्यात आमचं हृषीकेश—"

"तुम्ही जा."

ते गेले नाहीत. लोक काय म्हणतील हे त्यांना कळत होतं. मंगळवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते हॉस्पिटलातल्या पलंगाशेजारी बसले. बाईंच्या बांगड्या काढल्या होत्या, चष्मा काढला होता, कवळी काढून नर्सनं डबीत ठेवली होती. डॉक्टर सचदेव नवे एक्स-रे हातात घेऊन आले. यावेळी ते हसले नाहीत.

"इतनी देर क्यों की? मैंने कहा था ना?"

बाईंनी मान वळवली. त्यांच्या आधीच विश्वनाथराव बोलले.

"क्या करें डॉक्टरसाब, ये मानती ही नहीं थीं. मैं तो बोल-बोल के थक गया."

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चष्मा नसल्यामुळे नवऱ्याचा चेहरा धूसर दिसत होता, फक्त पांढरा शर्ट दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं, पण दातांवाचून बोबडं काही तरी बाहेर पडलं. नर्सनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला, "घबराइए मत, माताजी," म्हणाली, आणि ट्रॉली हलली. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून जात होते आणि बाईंना भीती अशी वाटतच नव्हती. एवढंच मनात येत होतं की आता जर आपण परत आलो नाही, तर हेच वाक्य आपल्यामागे राहणार.

त्या परत आल्या. उजवा गुडघा छान बसला. डाव्यातल्या शिरा ताणून ताणून निकामी झाल्या होत्या, तिथे जास्त मोठा सांधा घालावा लागला. पाय पूर्ण सरळ होणार नाही, काठी कायमची राहील, असं डॉक्टरांनी गिरिजाला सांगितलं. "तीन साल पहले आतीं तो सीधा-सादा केस था." गिरिजानं ते बाईंना जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगणं तिला येत नव्हतं.

घरी आल्यावर विश्वनाथरावांनी दिवसभराची एक आया लावून दिली. "बघ, दिलेला शब्द पाळला की नाही?" ते म्हणाले. आया कामाला चांगली होती. तिच्या हातचा चहा विश्वनाथरावांना आवडेना, ती तक्रारही ते अंथरुणावरच्या बायकोकडेच घेऊन यायचे. सकाळच्या फेऱ्या चुकल्या नाहीत. बाई पलंगावर पडून स्वतःलाच आकडे मोजून दाखवत पाय उचलायच्या.

मग एका रविवारी बागेतली मंडळी फळांच्या पिशव्या घेऊन भाभीजींना भेटायला आली. बाईंना वॉकर धरून बाहेरच्या खोलीत आणून खुर्चीत बसवलं. कर्नलसाहेब म्हणाले, "भाभीजी, आपने पहले क्यों नहीं करवाया? पळसुलेसाब को देखिए, घोड़े जैसे दौड़ते हैं!"

विश्वनाथराव हसले. "अरे साहब, औरतें सुनती कहाँ हैं? मैं तीन साल से इनके पीछे पड़ा था. डरती थीं."

"झूठ," बाई म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. पण तो सबंध मैदान ओलांडून जाणारा जुना आवाज होता. आयाही स्वयंपाकघरातून डोकावली.

"झूठ बोल रहे हैं. तारीख मेरी थी. डॉक्टर ने कहा था, पहले इनका नहीं, मेरा. इन्होंने कहा, तू लेट गई तो मुझे चाय कौन देगा. मैंने इनका सब किया. हगना-मूतना भी. फिर मैं तीन साल पूछती रही और ये पहाड़ चढ़ते रहे. मेरा पैर अब सीधा नहीं होगा. ये मेरे डर की वजह से नहीं है."

बँक मॅनेजर बशीतलं बिस्किट निरखत राहिले. कर्नलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. पाचेक मिनिटांत सगळे "चलो जी, भाभीजी को आराम करने दो" म्हणत जिना उतरले, आणि उतरताना त्यांच्यातलं कोणी तरी दबक्या आवाजात हसल्याचं दोघांनाही ऐकू आलं.

विश्वनाथराव दार लावून वळले. "चार माणसांत माझी अब्रू घालवलीस. चाळीस वर्षांच्या संसाराचं हे फळ?"

"मी खोटं काय बोलले, तेवढं सांगा."

"खरं-खोट्याचा प्रश्न नाही. असं बोलतात का?"

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. त्यांना अजूनही आशा होती, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एक शब्द आला असता, "चुकलं" एवढा जरी, तर त्यांनी कदाचित सगळं गिळलं असतं. विश्वनाथराव कप गोळा करून आत गेले. कप त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उचलले होते, आणि ते केवळ बायकोसमोरून उठून जाता यावं म्हणून.

अंशुमनचा फोन आला. वडिलांनी त्याला सांगितलं होतं. "आई, लोकांसमोर कशाला यार? आता झालं ना तुझंही?" बाई म्हणाल्या, "हो, झालं," आणि फोन आयाच्या हाती दिला.

हिवाळा संपेपर्यंत बाई काठी घेऊन चालू लागल्या. जिना एक एक पायरी करत उतरायच्या, पण तोंड पुढे करून. त्याही बागेत जाऊ लागल्या, मागच्या फाटकानं. विश्वनाथराव पुढच्या फाटकानं येत. मंडळींशी त्यांचं पहिल्यासारखं जमत नव्हतं. विल पॉवरचं वाक्य ऐकू येईनासं झालं होतं, आणि बऱ्याचदा ते एकटेच फेऱ्या मारताना दिसायचे. घरात बोलणं गरजेपुरतं उरलं होतं. दूधवाला आला, दिवे गेले, नोएडाहून फोन होता.

मार्चमधल्या एका सकाळी बाई वळणावर आल्या तेव्हा त्यांना दिसलं, विश्वनाथराव पुढच्या बाकावर बसले होते. दमले नव्हते. ते मागे वळून वाटेकडे पाहत होते, आणि बाकाची अर्धी जागा त्यांनी रुमालानं पुसून ठेवली होती. बाईंनी ते दुरून पाहिलं. जायला त्यांना मोजकी पावलं लागली असती, आणि ती टाकण्याइतके गुडघे आता त्यांच्याकडे होते.

कुंपणाबाहेर भाजीची गाडी उभी होती. बाई काठी टेकत कुंपणाशी गेल्या आणि भाजीवाल्याला मटारचा भाव विचारू लागल्या. मग मेथीचा विचारला. घ्यायचं त्यांना काहीच नव्हतं. भाजीवाला कंटाळला, तरी त्या विचारत राहिल्या. विश्वनाथराव उठले, पँटवरची धूळ झटकली आणि सावकाश पुढच्या फाटकाकडे निघाले. ते फाटकाबाहेर दिसेनासे झाल्यावर बाई वळल्या, बाकापर्यंत चालत गेल्या आणि वाकडा पाय लांब करून तिथे एकट्याच बसल्या.